मागचा काठ

पद्मजा उपाध्ये समोरून येताना दिसली की मिरजेतली लग्नाळू पोरं हाताची घडी घालायची. तिला काही कपड्यांतून दिसत नव्हतं. तिचं यंत्र खोलीभर मोठं होतं आणि दवाखान्याच्या तळमजल्यावर पक्कं बसवलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही पोरं घडी घालायची. ज्या बाईनं नुसते खांदे वाचून गावातली चांगली जमलेली लग्नं मोडली, तिच्यापुढं हात मोकळे सोडून कोण उभा राहील? पद्मजाला कधी याचं हसू यायचं, कधी वैताग यायचा. ती म्हणायची, मी एकही लग्न मोडलेलं नाही. दिसलं ते सांगितलं, लग्नं ज्यानं त्यानं मोडली. बरीच वर्षं हे वाक्य तिला पुरलं.

आता खांद्यात एवढं वाचण्यासारखं असतं तरी काय, असं कुणी विचारलं तर ती बशी आणि लाडू मागवायची. कमरेचा सांधा खोल उखळीत बसवलेला असतो, तो सहजासहजी निघत नाही. खांद्याचं तसं नाही. पाठीवरच्या पात्याच्या टोकाला एक उथळ खोबण असते, बशीएवढी उथळ, आणि दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीत लाडू ठेवावा तसा नुसता टेकलेला असतो. तो घरंगळू नये म्हणून बशीच्या काठाला कुकरच्या रिंगसारखी कूर्चेची कडा असते, आणि चारी बाजूंनी स्नायू त्याला आत ओढून धरतात. या उथळपणामुळे माणूस चेंडू फेकतो, झाडावर चढतो, स्वतःची पाठ स्वतः खाजवतो. आणि याच उथळपणामुळे खांदा निखळतो. पडताना हात बाहेर टेकला, कुणी दंडाला धरून मागं खेचलं, की गोळा पुढचा काठ फोडून बाहेर येतो. जवळजवळ नेहमी पुढंच.

हाड ही काही मेलेली वस्तू नव्हे. ते मोडतं आणि भरतं, आणि भरताना ज्या दिशेनं ताण बसला असेल त्या दिशेनं आपले तंतू रचत जातं. हे जुनंच ज्ञान होतं. नवं यंत्र आलं ते काठाजवळचे हे बारीक थर जिवंत माणसात वाचणारं. थर किती पिकलाय यावरून दुखापत कधीची ते समजायचं, महिनाभर इकडंतिकडं. तंतूंचं तोंड कुठं आहे यावरून जोर कुठून आला ते समजायचं. आणि तंतू एकदम तुटलेत की ताणत ताणत तुटलेत, यावरून तो जोर झटक्याचा होता की दाबाचा, हेसुद्धा. थोडक्यात, माणसाच्या खांद्यावर कुठून, कधी आणि कसा हात पडला ते खोबण विसरत नाही, असं आजवर कुणाला माहीत नव्हतं, ते माहीत झालं.

यंत्र आलं कबड्डीच्या संघांसाठी. जुनी दुखापत लपवून खेळाडू गळ्यात पडू नये म्हणून. मग ते विमावाल्यांनी उचललं, मग कोर्टांनी, आणि एकदा का एखादी गोष्ट विमा आणि कोर्ट यांच्या हातात गेली की ती लग्नाच्या बैठकीत यायला वेळ लागत नाही. पत्रिका, रक्तगट आणि खोबण. कुणाचा खांदा पिऊन पडण्यात पुनःपुन्हा निखळलेला निघाला. कुणा मुलीचा हात तिच्या बापानंच पिरगाळलेला निघाला, आणि ते लग्न मोडलं ते मुलीच्या खांद्यात दोष आहे म्हणून. पद्मजाला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि पुढचा खांदा वाचायला घेतला.

तिची एकुलती एक लेक ऋजुता तासगावला बेदाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथंच सन्मती मगदूम तिला भेटला. बेदाणा दोन बोटांत दाबून त्यात ओल किती ते सांगणारा, कमी बोलणारा, हसताना खाली बघणारा मुलगा. घराणं ओळखीतलं निघालं, दोन्हीकडचे महावीरांना मानणारे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. ऋजुताच्या वडिलांना, सुकुमारना, तर मुलगा न बघताच पसंत होता. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारणं हाच त्यांचा खरा धंदा होता.

मगदूम मंडळी रीतसर बघायला आली ती फाल्गुनातल्या एका रविवारी. उपाध्यांच्या घरात कांदा येत नसे, त्यामुळं पोहे दाणे आणि खोबरं घालून केलेले. पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याचं काही नाही हे दोन्हीकडून दोनदा सांगून झालं, तेव्हा सुकुमारनी हात झटकले.

"आता राहिलं काय? पत्रिका जुळतीय, रक्तगट जुळतोय. खोबण तर आमच्या घरचीच आहे."

सगळे हसले. ऋजुता हसली नाही. "पप्पा, ते काही नको."

"अगं, गमतीनं म्हणालो."

सन्मतीच्या आई सरोजिनीबाई कपातला चहा ढवळत बसल्या होत्या, साखर केव्हाच विरघळली होती. "नको कशाला? बघू देत की. फक्त एक सांगून ठेवते ताई, लहानपणी याला विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागला होता. म्हणजे काही दिसलं तर तुम्हाला वेगळं वाटू नये."

कुणी काही विचारलेलं नव्हतं. पद्मजानं त्यांच्याकडं बघितलं, मग ऋजुताकडं. पोरगी ताटलीतला पोह्यांचा एक दाणा बोटानं इकडून तिकडं करत होती.

"मी येतो की काकू," सन्मती म्हणाला. "बुधवारी मी मोकळा आहे."

बुधवारी तो खरंच आला, एकटा. पद्मजानं त्याला टेबलावर झोपवलं, यंत्राची कमान खांद्यांवर आणली आणि काचेपलीकडं जाऊन बसली. पडद्यावर दोन्ही खोबणी उमटल्या. पुढचे काठ इतके स्वच्छ, की नुकतेच घडवून बसवल्यासारखे. मग ती मागच्या काठांकडं वळली.

खांदा मागच्या बाजूला निखळणं ही दुर्मीळ गोष्ट. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत तर कित्येकदा सगळं जागच्या जागी दिसतं आणि चांगले चांगले डॉक्टर फसतात. गोळा मागं सरकायला शरीरातले सगळे स्नायू एकदम आवळले जावे लागतात. मग बळकट स्नायू दुबळ्यांवर मात करतात आणि गोळा मागचा काठ घासत बाहेर जातो. असं दोन कारणांनी होतं. विजेचा झटका, नाहीतर आकडी. आणि दोन्ही खांदे एकाच वेळी गेले असतील, तर तिसरं कारण शोधत बसायची गरज सहसा पडत नाही.

सन्मतीचे दोन्ही मागचे काठ खरवडलेले होते. एकदा नाही. एक थर शाळकरी वयाचा, एक कॉलेजातला, त्यावर एक अलीकडचा.

ती काचेच्या आतून बाहेर आली. "ही कसली रे मोटार? दर काही वर्षांनी करंट देती ती?"

तो छताकडं बघत पडून राहिला. "फिट येते मला, काकू. आठवीत असल्यापासनं. गोळ्या चालू आहेत. वर्षा-दीड वर्षात एखादी येते."

"ऋजूला?"

"तिला माहीत आहे. ओळख झाली त्याच महिन्यात सांगितलं."

"मग आम्हाला करंटची गोष्ट का?"

"आईनं तीच सांगायची सवय लावलीय. आणि ऋजू म्हणाली, तुम्ही..." तो थांबला. "तुम्ही वाचाल, म्हणाली. मग मला वाटलं, वाचूनच कळू दे. तोंडानं सांगायला जीभ रेटत नव्हती."

पद्मजा खुर्चीत बसली. खोटं कशाला बोलायचं, तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हे लग्न नको. आपली एकच पोरगी, तिला जन्मभर कुणाच्या उशाशी जागत बसायला लावायचं नाही. पूर्वी निदान गाडी चालवत नाही म्हणून असली माणसं ओळखू यायची. गाड्या आपल्या आपण चालू लागल्यापासून तीही सोय गेली. तिनं काचेतून पडद्याकडं पुन्हा बघितलं ते दुसरं काही नाही, तर नकाराला भक्कम कारण मिळावं म्हणून. आणि तिला तो उजवा खांदा दिसला.

अलीकडचा थर डावीकडं होता तसाच उजवीकडंही होता. पण उजवीकडं त्याच्यावर आणखी काही होतं. आकडीतले तंतू तुटतात ते आतून, धक्क्याधक्क्यानं, त्यांची टोकं विस्कटलेली असतात. हे तसे नव्हते. हे सगळे एका दिशेनं लांबत गेले होते आणि मग तुटले होते. वरून खाली. सलग. कुणीतरी या मुलाचे हात छातीवर दुमडून त्यावर आपला सगळा भार टाकला होता आणि तो भार हलवला नव्हता. मागच्या काठाचा एक तुकडाच त्या दाबाखाली निघून गेला होता.

पद्मजाचं डोकं फिरलं. असे कितीतरी खांदे तिनं वाचले होते. आकडी आली की माणसं हेच करतात, हात-पाय दाबून धरतात, जणू आत शिरलेलं कुणी पळून जाणार आहे. आतून स्नायू खेचत असतात, वरून माणूस रेटत असतो, आणि मधे तो बिचारा उथळ काठ.

"घरी तुला दाबून धरतात काय रे?"

"नाही. उलट." तो कोरडं हसला. "आई मुठीत चावी कोंबते आणि मागं सरते. बाकीचे दारात. शाळेत पण तसंच. मी डोळे उघडले की सगळे लांब, गोल करून उभे असलेले दिसतात."

"मग हे कुणी केलं? हिवाळ्यातलं आहे हे. डिसेंबरच्या आसपासचं."

तो उठून बसला. सदरा चढवायला लागला. दुखरा खांदा असलेली माणसं आधी दुखऱ्या हाताला बाही चढवतात आणि मग चांगल्या. त्यानं आधी उजवी बाही चढवली. तो बटणं लावत होता तेवढ्या वेळात पद्मजाला आठवलं, की डिसेंबरात हा पुण्याला होता, प्रशिक्षणाला. ऋजुताबरोबर.

"ऋजू," ती म्हणाली.

"तिला माहीत नाही."

"म्हणजे?"

"फिटमध्ये गेला खांदा, एवढंच सांगितलंय मी तिला. पुण्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, कुणी धरलं होतं काय. मी नाही म्हणालो." तो पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघत बोलत होता. "काकू, कँटीनमध्ये आली मला फिट. सगळे उठून लांब झाले. मी शुद्धीवर आलो तर ती माझ्या अंगावर होती, माझे दोन्ही हात घट्ट धरून, रडत होती आणि सोडत नव्हती. आजवर कुणी मला धरलेलं नाही. आईनं सुद्धा. आता तिला काय सांगू, तू धरलंस तेच चुकलं म्हणून?"

पद्मजातली खोबण वाचणारी बाई तेवढी बोलली. "अरे, उजवीकडचा काठ गेलाय. एवढासा उरलाय. पुन्हा कुणी असं दाबलं तर गोळा बसायला जागाच राहणार नाही. कमरेतलं हाड काढून तिथं बसवावं लागेल, आणि बसवलं तरी हात पहिल्यासारखा वर जाईलच असं नाही. पुढच्या वेळी काय करणार आहेस?"

"बघू."

"फिट काय सांगून येती होय?"

"तिला कळलं तर ती मला हात लावायला भिईल," सन्मती म्हणाला. "मग ती पण दारात उभी राहील. ते नको. लग्न मोडायचं असलं तर मोडा, फिटचं कारण आहेच. पण हे तिला सांगू नका. शब्द द्या."

पद्मजानं शब्द दिला. का दिला ते तिला नंतरही नीट उमगलं नाही. आयुष्यभर जे दिसलं ते सांगत आलेली बाई. एकदा तरी न सांगून बघावं, असंही वाटलं असेल. आणि लग्न नको हा विचार कुठं गेला, तेही तिला कळलं नाही. हा पोरगा एव्हाना तिला आपला वाटत होता, एवढं खरं.

घरी आल्यावर तिनं मधला मार्ग काढायचं ठरवलं. खांद्याचं नाव न घेता पोरीला शहाणं करायचं. ऋजुता स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"सन्मती येऊन गेला," पद्मजा म्हणाली. "फिटचं सांगितलं त्यानं."

ऋजुताचे हात थांबले. "त्यानं सांगितलं, की तू वाचलंस?"

"दोन्ही. मी काही मोडत नाही तुमचं लग्न. पप्पांना मी सांगेन, साखरपुडा होऊन जाऊ दे. फक्त एक लक्षात ठेव. फिट आली की माणसाला धरायचं नसतं. डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं, आजूबाजूचं सामान हलवायचं, आणि थांबायचं. थांबली की कुशीवर करायचं. बास."

"हे पुस्तकात असतंय, आई."

"पुस्तकात बरोबरच असतंय."

"तू तिथं नव्हतीस." ऋजुतानं कणकेत दोन्ही तळहात रोवले आणि अंगाचा भार टाकून ती पुढं रेटली. "लोखंडी टेबल होतं शेजारी. मी धरलं नसतं तर डोकं फुटलं असतं त्याचं. सगळे बघत उभे होते, फोन काढून. मी एकटीनं त्याचे हात छातीशी दाबून धरले, थांबेपर्यंत सोडले नाहीत. जीव गेला असता तरी सोडले नसते. माझ्या आयुष्यातली एवढी एकच गोष्ट आहे जी मी न घाबरता केलीय, आणि तू मला पुस्तक सांगतीस."

पद्मजा त्या तळहातांकडं बघत राहिली. पोरगी लहानपणापासून अंगानं दणकट. "तरी पण, ऋजू. पुढच्या वेळी धरू नको. माझं ऐक."

"का?"

आता. आता सांगितलं असतं तर दोघीच होत्या, दार लावलेलं होतं, रडायला वेळ होता. पद्मजा म्हणाली, "डॉक्टर म्हणतात म्हणून."

"तुला माणसं दिसतच नाहीत, आई," ऋजुता म्हणाली, फार मोठ्यानं नाही. "नुसते काठ दिसतात. मी धरणार. दर वेळी धरणार."

त्या दिवसापासून पद्मजाचा जीव टांगणीला लागला. सन्मतीला फोन करून ती म्हणाली, तूच सांग तिला, नाहीतर मला शब्दातून मोकळं कर. तो म्हणाला, लग्नानंतर सांगतो काकू, सवडीनं. ती म्हणाली, तोवर आली तर? तो म्हणाला, अहो नुकतीच तर येऊन गेली, लगेच कशाला येतीय. बेदाण्याची ओल अचूक सांगणारा हा मुलगा स्वतःच्या बाबतीत असा हिशेब करत होता, आणि तिनं तो चालवून घेतला. दवाखान्यात ती दुसऱ्यांचे खांदे वाचायची आणि मधेच पडद्यावर तिला तो उरलेला एवढासा काठ दिसायचा.

साखरपुडा चैत्राच्या शेवटी, मगदुमांच्या घरी, तासगावपासून आत असलेल्या त्यांच्या गावात. बेदाण्याचा हंगाम जोरात होता आणि नेमकं आभाळ भरून यायला लागलं होतं. घरच्या शेडवर जाळ्यांत द्राक्षं पसरलेली; त्यावर एक सर आली तर वर्षाची मेहनत काळी पडते. सन्मती सलग काही रात्री शेडवर ताडपत्र्या ओढत जागलेला. अंगठी घालताना पद्मजानं त्याचे डोळे बघितले, तारवटलेले. झोप नसली की आकडी जवळ येते, हे सांगायला यंत्र लागत नाही. ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "जरा आत जाऊन पड." तो म्हणाला, "जेवणं उरकू देत काकू. ऊन उतरायच्या आत पंगती उठायला पाहिजेत."

अंगणातल्या पहिल्या पंगतीला तो जिलेबीचं ताट घेऊन वाढायला निघाला. चार पानं वाढली असतील. मग तो मधेच उभा राहिला, कुणीतरी हाक मारल्यासारखी मान एका बाजूला वळवली, आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. ताट आधी पडलं, मग तो.

पंगत उठली. माणसं भिंतीकडं सरकली, बायकांनी पोरं ओढून घेतली. कुणीतरी म्हणालं, कांदा आणा, कांदा हुंगवा. कुणीतरी म्हणालं, यांच्यात कुठला कांदा, चप्पल आणा. सरोजिनीबाई कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडवत होत्या आणि त्यांच्या बोटांना तो सुटत नव्हता. करंटची गोष्ट सगळ्या पाहुण्यांसमोर उघडी पडली होती आणि त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या.

ऋजुता सगळ्यांच्या आधी पोचली. नव्या साडीसकट ती जमिनीवर आदळली, त्याचे झटके देणारे हात तिनं मनगटाला धरून पकडले, छातीवर दुमडले, आणि त्यावर ओणवी झाली.

"ऋजू, धरू नको." पद्मजा तिच्यापाशी गुडघ्यावर बसली. शेजारचं पाण्याचं घंगाळं तिनं पायानं लोटून दिलं, खांद्यावरची मानाची शाल काढून त्याच्या डोक्याखाली सारली. "सोड हात. बघ, डोकं लागत नाही आता. सोड."

"आई, तू मागं सर."

"ऋजू, ऐक माझं."

"मी धरलंय त्याला. मागं सर तू."

पद्मजानं तिच्या दंडाला धरून ओढलं. पोरगी हलली नाही. पद्मजाचं बळ कुठलं पुरणार तिथं. सन्मतीचं अंग आतून आवळत होतं, सुटत होतं, पुन्हा आवळत होतं, आणि दर वेळी वरचा भार तेवढाच. त्याच्या उजव्या खांद्याची पुढची गोलाई सपाट व्हायला लागलेली पद्मजाला सदऱ्यातूनसुद्धा दिसली. पहिल्यांदाच तिला कपड्यातून दिसत होतं. गोळा मागं निघाला होता. अजून थोडा दाब, आणि तो त्या एवढ्याशा काठावरून कायमचा जाणार होता. सगळं अंगण बघत होतं. हिला काय सांगितलं म्हणजे ही आत्ता, या क्षणी, सोडेल?

एकच गोष्ट होती.

"मागच्या वेळी त्याचा खांदा फिटनं नाही गेला," पद्मजा म्हणाली. ओरडून नाही, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "तू काढलास. पुण्याला. असाच दाबून. मी वाचलंय ते."

ऋजुताचे हात सुटले. तापल्या तव्यावरून उचलावेत तसे एकदम वर आले आणि वरच राहिले. ती सरकत सरकत मागं गेली, भिंत लागेपर्यंत.

मग कुणी काही केलं नाही. करण्यासारखं काही नसतंच. आकडीनं तिचा वेळ घेतला. सन्मतीचं अंग उडत राहिलं, मग झटके विरळ झाले, मग थांबले, आणि तो घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. पद्मजानं त्याला हळूच कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पुसली. तिनं खांदा चाचपला. बोटांखाली गोलाई भरलेली होती. गोळा आपला आपण परत आत बसला होता. काठ राहिला होता.

सुकुमार हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. "पद्मा, तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि ते, पुण्याचं?"

"तेही."

ते तांब्या तिथंच ठेवून बाहेर गेले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची कुजबुज सुरू झाली, पण पद्मजाला ती ऐकू येत नव्हती. साखरपुड्याचं काय व्हायचं ते होईल, लोक काय म्हणायचं ते म्हणतील. ती लेकीकडं बघत होती. ऋजुता भिंतीला टेकून उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं, भिंत आणि पाठ यांच्यात दाबून धरले होते.

"हिवाळ्यापासनं?" ऋजुतानं विचारलं. "त्याला माहीत होतं?"

"हो. त्यानंच मला सांगू नको म्हणून सांगितलं होतं."

"आणि मी तुला कणीक मळत काय काय बोलले." तिचा चेहरा वाकडा झाला. "तेव्हा का नाही सांगितलंस गं मला? दोघीच तर होतो."

शब्द दिला होता, हे काही उत्तर नव्हे, हे पद्मजाला त्या क्षणी पुरतं कळत होतं. तिनं तो चुकीच्या वेळी पाळला होता आणि चुकीच्या वेळी मोडला होता.

सन्मतीनं डोळे उघडले. आकडीनंतरची नजर लगेच स्थिर होत नाही. ती आधी आभाळावर गेली, मग गोल करून उभ्या असलेल्या माणसांवर, एकेकावर. तो कुणाला तरी शोधत होता. ऋजुता त्याला भिंतीपाशी दिसली. त्यानं तिच्या मागं दडवलेल्या हातांकडं बघितलं, मग पद्मजाकडं बघितलं, आणि त्याला कळलं. त्यानं फक्त डावा हात जमिनीवरून सरकवत तिच्या दिशेनं पुढं केला, तळवा वर करून.

ऋजुता दोन पावलं आली. वाकली. तिचा हात निघाला आणि त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. मान वर करून आईकडं बघितलं.

"धरू?" तिनं विचारलं. "आता धरलं तर चालेल?"

"चालेल, बाळा," पद्मजा म्हणाली. "धर."

ऋजुतानं त्याच्या एका बोटाचं टोक धरलं, आणि पुन्हा आईकडं बघितलं.